टपाच्या सिलिंडरमधून तेल गळतंय: मर्सिडीज एसएल (आर१२९), फक्त सील बदलता येतील का?

नेकारकाठी
नमस्कार मंडळी. मी श्टुटगार्टजवळ राहतो, मूळचा चिंचवडचा. माझ्याकडे १९९४ ची एसएल ३२० आहे, आर१२९ पिढीतली. ही पिढी १९८९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि २००१ पर्यंत ब्रेमेनच्या कारखान्यात बनत होती. कापडी टप बटणावर साधारण अर्ध्या मिनिटात उघडतो. काचा खाली जातात, टपाची मागची कमान उभी राहते, सीटमागचं झाकण उचललं जातं, पुढचे लॉक सुटतात आणि सगळा टप घडी होऊन झाकणाखाली जातो. हे सगळं डिकीतला एक विजेवरचा पंप आणि ठिकठिकाणी बसवलेले, तेलाच्या दाबावर चालणारे छोटे सिलिंडर करतात. एवढ्या वर्षांनीही ही हालचाल बघत उभं राहावंसं वाटतं.

आता अडचण. ड्रायव्हरच्या सनव्हायजरच्या बिजागरीपाशी पिवळसर डाग दिसायला लागलाय. बोटाला बुळबुळीत लागतो, त्यामुळे पावसाचं पाणी नक्कीच नाही. पंपाच्या टाकीतली तेलाची पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली होती. टप अजून चालतो, पण शेवटच्या टप्प्यात पंपाचा आवाज घरघरता होतो. इथल्या एका गॅरेजने दोन्ही बाजूंचे पुढचे सिलिंडर अख्खे नवे घालायला सांगितलं. आकडा ऐकून मी घरी आलो.

प्रश्न तीन. फक्त सील (तेल अडवणाऱ्या आतल्या कड्या) बदलता येतील का? सील कुठल्या मटेरियलचे घ्यावेत? आणि पुढचे दोनच करावेत की सगळे?

गाडीला ३० वर्षं पूर्ण झाली की इकडे एच-पाटी (जुन्या ऐतिहासिक गाड्यांची नंबरप्लेट) मिळते, मग वर्षाचा कर १९१.७३ युरो ठरलेला. त्या तपासणीला गाडी मूळ स्थितीत आणि नीट राखलेली लागते. तेल गळणारी गाडी घेऊन तिथे उभं राहायची माझी तयारी नाही.

रानवाटा
एवढ्यात उघडाउघड करू नका. सील फुगवणारं ‘स्टॉप लीक’ मिळतं, ते टाकीत टाकून बघा. माझ्या जुन्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगची गळती त्याने थांबली होती.

भोसरीकर
नेकारकाठी, माझं भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचं शॉप आहे. आमच्याकडे टिपरचे, फोर्कलिफ्टचे, प्रेसचे सिलिंडर येतात. तुमचा आकाराने अगदी लहान असेल, पण आत तेच असतं: नळी, पिस्टन, रॉड, सील. फक्त सील बदलता येतात का, याचं उत्तर हो. रॉड आणि नळी चांगली असेल तर अख्खा सिलिंडर टाकून देण्याचं काहीच कारण नाही.

पण त्याआधी दोन गोष्टी, आणि त्या मी माझ्या शॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो.

एक, गळती हाताने चाचपायची नाही. पंप चालू असताना पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर त्यातून निघणारी धार डोळ्यांना दिसतही नाही आणि कातडीतून आत शिरते. ७ बारच्या आसपासच्या दाबालाही हे होऊ शकतं, टपाच्या यंत्रणेचा दाब त्याच्या कितीतरी वर असतो. वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत आतून बोट सडायला लागतं. तसं झालं तर मलमपट्टी करून घरी बसायचं नाही. तडक हॉस्पिटल गाठायचं आणि ‘दाबाचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं, म्हणजे ते सर्जनला बोलावतील. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

दोन, टप किंवा झाकण अर्धवट वर असताना ते तेलाच्या भरवशावर आहे असं समजून खाली हात घालायचा नाही. लाकडी ठोकळ्याचा आधार द्या, बॅटरीची वायर काढा, मगच हात घाला. पाइप सोडला की तो भार त्याच क्षणी खाली येतो.

रानवाटा, तुमच्या स्टिअरिंगला गुण आला असेल, पण इथे नको. स्टॉप लीक रबर थोडं फुगवतं. आकसून कडक झालेल्या रबराला त्याने काही दिवस मिळतात. पण या वयाच्या गाड्यांत सील बहुधा पॉलियुरेथेन नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकचं असतं आणि ते उष्णता आणि ओल यांनी मुळातच विघटित होतं. विघटित झालेलं पुन्हा जुळत नाही. वर त्याचा चुरा तेलाबरोबर फिरून व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांत अडकतो. मग दोन सीलच्या जागी अख्खा व्हॉल्व्ह ब्लॉक उघडायची वेळ येते.

अनघा_कोव्हेंट्री
माझ्याकडे जॅग्वार एक्सके८ कन्व्हर्टिबल आहे, त्यामुळे हा धागा अगदी जवळचा वाटला. आमच्याकडे बहुतेक वेळा विषय सिलिंडरपेक्षा पाइपांचा असतो. पुढच्या लॅचकडे (टप काचेच्या चौकटीला पकडणाऱ्या कडीकडे) जाणारे दोन बारीक पाइप काचेच्या वरच्या चौकटीत संपतात, नेमके आरशाच्या वर. तिथे वर्षानुवर्षं ऊन लागून पाइपाचं वेष्टण चिकट होतं आणि एक दिवस तडकतं. तेल हिरवं, पेंटोसिन सीएचएफ ११एस, म्हणून एक्सके८ वाले त्याला ‘ग्रीन शॉवर’ म्हणतात. माझ्या गाडीचे दोन्ही पाइप मी तशी वेळ यायच्या आधीच बदलून घेतले. पाइप बोटांना चिकट लागायला लागले होते, तेवढी खूण मला पुरेशी होती.

दादा, तुम्ही सिलिंडर काढणारच असाल तर पाइपाच्या टोकांकडेही बघा. तेल सिलिंडरच्या रॉडपाशी आहे की पाइपाच्या जोडाशी, हे आधी ठरवा. सनव्हायजरवर दोन्हीचा डाग सारखाच दिसतो.

नेकारकाठी
भोसरीकर काका, अनघाताई, फार आभार. पुठ्ठ्याचं आणि ठोकळ्याचं मी लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावलंय.

ताईंनी सांगितलं तसं आधी फक्त वरची प्लास्टिक पट्टी आणि सनव्हायजर काढला. सगळं पुसून कोरडं केलं, पाइपाच्या जोडांवर पांढरा टिश्यू गुंडाळला, रॉडच्या तोंडाशी वेगळा तुकडा ठेवला आणि टप चालवला. जोड कोरडे. रॉडच्या तोंडाशी ओला. म्हणजे रॉड सील गेलंय.

मग मागे बघितलं. सीटमागच्या कप्प्यातला आवाज दाबणारा स्पंज दाबला तर तोही तेलकट. म्हणजे मागच्या कमानीचा एक सिलिंडरही पाझरतोय. तिथलं तेल स्पंज पिऊन टाकतो, म्हणून ते खाली कधी दिसलंच नाही.

शिवडीकर
एक सुचवतो. घाई नसेल तर हिवाळ्यापुरता हार्डटॉप (वरून बसवायचं कडक छप्पर) चढवून ठेवा आणि काम उन्हाळ्यात काढा. टप वापरायचाच नाही तर गळणार कुठून?

नेकारकाठी
शिवडीकर, कल्पना वापरता आली असती, पण या गाडीत हार्डटॉप पकडून ठेवणारे लॉकही याच तेलावर चालतात. तेल कमी होत गेलं तर छप्पर चढेल आणि वसंतात उतरताना लॉक सुटणार नाहीत. हाताने लॉक फिरवायची सोय असते, पण ३० किलोंच्या वरचं छप्पर डोक्यावर घेऊन तो प्रयोग करायचा नाही मला.

भोसरीकर
बरोबर निर्णय. आता सीलबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक लोक पैसे घालवतात.

जुनं सील मोजून नवं मागवायचं नाही. जुनं फुगलेलं असतं, आकसलेलं असतं किंवा त्याचा चुरा झालेला असतो. मोजायची ती सील बसतं ती खाच. रॉडचा व्यास, नळीचा आतला व्यास, खाचेची रुंदी आणि खाचेची खोली, ही चार मापं व्हर्नियरने घ्या. रॉड मायक्रोमीटरने मोजता आला तर उत्तम. प्रत्येक माप तीन ठिकाणी घ्या. एका जागी कमी भरलं तर रॉड तिथे झिजलाय. आणि सीलच्या ओठाची, म्हणजे तेल अडवणाऱ्या पातळ कडेची, दिशा काढण्याआधी फोटो काढून ठेवा. ओठ नेहमी दाबाच्या बाजूला. उलटं बसलं तर नवं सीलही पहिल्या दिवसापासून गळतं.

मटेरियल. तुमच्या गाडीत खनिज तेल आहे, मर्सिडीजच्या ३४३.० मंजुरीचं. रबराच्या जातींपैकी त्याला नायट्राइल चालतं, एचएनबीआर (नायट्राइलचीच सुधारित जात) चालतं, व्हायटन चालतं. ईपीडीएम जातीचं रबर अजिबात चालत नाही, खनिज तेलात ते फुगून लोळागोळा होतं. पॉलियुरेथेन घ्यायचंच तर पॉलिइथर जातीचं घ्या, पॉलिएस्टर जातीचं ओलीला टिकत नाही. आमच्याकडे प्रेसला मी डोळे झाकून पॉलियुरेथेन देतो, कारण तिथे रॉड दिवसभर आत-बाहेर करतो आणि घासून झिजायला तेच सगळ्यात टिकाऊ. तुमच्या टपाचं तसं नाही. आठवड्यातून काही वेळा चालणार आणि बाकी वेळ काचेच्या वर उन्हात तापत बसणार. तिथे झीज हा प्रश्नच नाही, वय आणि उष्णता हा प्रश्न आहे. म्हणून मी व्हायटन किंवा एचएनबीआर घालीन. व्हायटन थंडीत कडक होतं, साधारण उणे १५-२० च्या खाली त्याचा भरवसा नाही. तुमच्याकडे त्या थंडीत टप कोणी उघडत नसेल, पण गाडी बाहेर उभी राहत असेल तर एचएनबीआर घ्या.

आणि ब्रेक ऑइल चुकूनही टाकीत जाऊ देऊ नका. डॉट ३, डॉट ४ हे ग्लायकोलचं तेल. नायट्राइल सील त्यात खराब होतं. दोन्ही पिवळसर, दोन्हीच्या बाटल्या शेल्फवर शेजारी, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

रानवाटा
भोसरीकर, स्टॉप लीकचं पटलं. दुसरी एक गोष्ट विचारतो. आमच्या ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की एका सिलिंडरला नवं सील घातलं की दाब दुसऱ्या जुन्या सीलवर जातो आणि ते फुटतं. म्हणून करायचे तर सगळे एकदम. हे खरं का?

भोसरीकर
निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं. यंत्रणेचा कमाल दाब रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) ठरवतो, सील ठरवत नाही. एक गळती बंद केल्याने दुसरीकडे दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर चढत नाही. पण सगळी सील एकाच वयाची, एकाच मटेरियलची आणि एकाच तेलात बुडलेली. पुढचं गेलं म्हणजे मागच्याची वेळही जवळ आली. नेकारकाठींच्या स्पंजने तेच सांगितलंय. खरा खर्च सीलचा नसतोच, तो पट्ट्या, अस्तर, सीट काढण्या-बसवण्याचा असतो. म्हणून जो भाग उघडाल तिथले सगळे सिलिंडर एकाच वेळी करा.

मीनल_ठाणे
मला यातलं काही कळत नाही, पण एक विचारू का? टप खाली यायला लागतो आणि मध्येच थांबतो, याचा अर्थ तेल गळलंय असाच का? आमच्या शेजाऱ्यांच्या जुन्या एसएलकेचं असं होतं.

भोसरीकर
ताई, नाही. आधी बॅटरी बघायला सांगा. हा पंप खूप करंट ओढतो. बॅटरी दमलेली असली की टप निम्म्यात थांबतो आणि लोक तेल बदलत बसतात. इंजिन चालू ठेवून टप चालवून बघा. फरक पडला तर दोष बॅटरीत. नाही पडला तर पंपाचा आवाज ऐका. पंप फिरतोय पण टप हलत नाही, तर तेल कमी किंवा आत हवा. पंप फिरतच नाही, तर स्विच, रिले, वायर. पातळी बरोबर आहे, कुठे डाग नाही आणि वर उचललेला भाग हळूहळू स्वतःच खाली बसतो, तर तेल पिस्टनच्या सीलवरून किंवा व्हॉल्व्हमधून आतल्या आत पळतंय. ती गळती बाहेर कधीच दिसत नाही.

शिवडीकर
यात मुंबईची भर घालतो. मी जुन्या आयात गाड्यांची कामं करतो. बीएमडब्ल्यूची पहिली झेड४, ई८५, हिच्यात टपाचा पंप मागे डाव्या बाजूला, पाणी वाहून जायच्या वाटेजवळ बसवलेला असतो. ती वाट पानांनी आणि मातीने तुंबली की पाणी तिथेच साठतं आणि पंपाची मोटर बुडते. आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरीआधी ते भोक साफ केलं नाही तर जुलैत मोटर गेलीच म्हणून समजा. टप असलेल्या प्रत्येक गाडीला अशा वाटा असतात. पावसाळ्याआधी बाटलीभर पाणी ओतून बघा, खाली बाहेर पडलं पाहिजे. तार घुसवू नका, आतली नळी निसटते. मऊ नायलॉनची दोरी चालते.

नेकारकाठी
काम झालं, तपशील लिहितो. पुढे कोणाला लागेल.

पुढचे दोन आणि मागच्या कमानीचे दोन काढले. प्रत्येक सिलिंडरला दोन पाइप, एक ढकलायला आणि एक ओढायला. सोडण्याआधी दोन्हींवर रंगीत टेप लावला आणि टोकांना टोपणं घातली. सिलिंडर व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना अॅल्युमिनियमची पट्टी लावली. तोंडाची गाइड (रॉड सरळ धरणारी कडी) आत दाबली की सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) मोकळी होते. ती काढली, रॉड सरळ ओढला. सील जुन्या खारीसारखं चुरा होऊन बाहेर आलं, काही तुकडे नळीत खोलवर होते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे खाचा मोजल्या. दोन्ही बाजूंची मापं जुळली, रॉडवर ओरखडा नाही. इथल्या एका औद्योगिक सीलच्या दुकानात मापं दिली, त्यांच्याकडे एचएनबीआरमध्ये तयार होती. चारही सिलिंडरची सील आणि ओरिंग मिळून जो खर्च आला तो गॅरेजच्या आकड्यापुढे नगण्य आहे.

बसवताना एकच जागा कठीण गेली. नळीच्या आत तेलाच्या छिद्राची कड धारदार असते आणि सील त्यावरून जाताना कापलं जाऊ शकतं. तिथे काय करावं हे काकांना फोनवर विचारलं.

भोसरीकर
ते इथेही लिहितो. छिद्राची आतली कड अगदी बारीक पॉलिश पेपरने, दोन बोटांनी, हलकेच मारायची. नंतर नळी धुऊन हवेने साफ करायची, कण राहता कामा नये. सीलला आणि नळीला तेच तेल लावायचं, ग्रीस नाही. पिस्टन छिद्रापाशी आला की सील गोल टोकाच्या प्लास्टिक काडीने आत दाबत पुढे सरकवायचं. स्क्रू ड्रायव्हर वापरला की नवं सील गेलंच.

अनघा_कोव्हेंट्री
तेल भरल्यावर हवा कशी काढलीत? आमच्या गाड्यांत हवा सोडायचा वेगळा ब्लीड निपल नसतो.

नेकारकाठी
ताई, यातही लागला नाही. सीलचा चुरा टाकीतही उतरला होता, म्हणून जुनं तेल पूर्ण काढलं, टाकी धुतली आणि नवं भरलं. बॅटरीला चार्जर लावून टप सुरुवातीला थांबत थांबत चालवला, प्रत्येक टप्प्यानंतर पातळी बघत. हवा टाकीकडेच परत येते आणि बुडबुडे होऊन निघते. आधी टप झटके देत होता, मग हालचाल सलग झाली आणि पंपाची घरघर थांबली. पातळी बघायची ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या स्थितीतच. रॉड बाहेर असतात तेव्हा टाकीत तेल कमी दिसतं, आत असतात तेव्हा जास्त. भलत्या स्थितीत भरलं की टाकी नंतर ओसंडते.

एकदा टप मध्येच थांबला आणि स्विचमधला लाल दिवा लुकलुकत राहिला. तेल पुरेसं होतं. मागच्या झाकणापाशी लिमिट स्विचचा (भाग जागेवर पोचला हे कळवणाऱ्या स्विचचा) प्लग मी बसवताना नीट खटकन लागला नव्हता. तो दाबला आणि टप पुढे सरकला.

आता टिश्यू कोरडे आहेत, पातळी खुणेवर आहे. मागचा तेल प्यायलेला स्पंज काढून नवा घातलाय. ठेवला असता तर पुढची गळती कळलीच नसती. उरलेले सिलिंडर, म्हणजे टप उचलणारे आणि झाकणाचे, वसंतात उघडणार आहे. त्यांचीही मापं घेतली की इथे टाकतो.

मीनल_ठाणे
शेजाऱ्यांना सांगितलं. बॅटरीच निघाली. नवी घातली, छत पूर्ण बंद होतं. त्यांनी सगळ्यांचे आभार मानायला सांगितलेत.

रानवाटा
भोसरीकर, शेवटचं एक. आत्ताच जास्तीची सील घेऊन ठेवावीत का?

भोसरीकर
घ्या, पण एक सेटच. पिशवीवर मटेरियल आणि तारीख लिहा. ऊन, ट्यूबलाइट आणि चालू विजेची मोटर यांच्यापासून लांब ठेवा, खिळ्याला टांगू नका, ताणून आकार बिघडतो. नायट्राइल आणि एचएनबीआर नीट ठेवलं तर काही वर्षं सहज टिकतं, व्हायटन त्याहून जास्त. वापरण्याआधी बोटांनी वाकवून बघा. पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या तर फेकून द्या. आणि नेकारकाठी, टप उचलणारे सिलिंडर काढाल तेव्हा भार सगळ्यात जास्त त्यांच्यावर असतो. ठोकळे दोन्ही बाजूंना लावा, एकाच बाजूला लावलात तर कमान पिळवटते.